कमरेतली सुई ‘लागली नाही’ आणि पोरगं ‘नाटक करतंय’: भुलीच्या टेबलाजवळून

गिरणाकाठचा_भूलवाला

बाळंतपणाच्या दुसऱ्या एका धाग्यावर एका ताईंनी लिहिलं होतं की एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं कमरेतलं इंजेक्शन) घेऊनही त्यांना डाव्या बाजूने कळा जाणवत राहिल्या, आणि सांगितलं तर ‘तुम्ही फार घाबरट आहात’ असं ऐकून घ्यावं लागलं. त्याखाली कुणीतरी टाकलं होतं, ‘लहान पोरांचंही तसंच, निम्मं दुखणं मनाचंच असतं.’ उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं. म्हणून हा धागा.

मी भूलतज्ज्ञ. जळगाव-धुळे पट्ट्यातल्या नर्सिंग होमांतून फिरणारा. सकाळी चाळीसगावला सिझर, दुपारी पाचोऱ्याला हर्निया, रात्री फोन आला तर देव जाणे कुठे. गाडीच्या डिकीत स्वतःची पेटी असते. एक वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं: ‘मनाचं आहे हो.’ जिथे दुखणं शंभर टक्के शरीराचं असतं तिथेही आणि जिथे खरोखर मनातून आलेलं असतं तिथेही. दोन्हीकडे म्हणणाऱ्याला म्हणायचं असतं ते एकच: पेशंट खोटं बोलतोय. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी एपिड्युरल. लोक स्पायनल आणि एपिड्युरल दोन्हींना ‘कमरेतलं इंजेक्शन’ म्हणतात, पण दोन्हींत मोठा फरक आहे. मज्जारज्जूभोवती पाण्याची पिशवी असते. स्पायनलची बारीक सुई त्या पिशवीत जाते, सुईतून पाण्याचा थेंब येतो, तो डोळ्यांना दिसतो. जागा बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळतं, आणि पाच-दहा मिनिटांत छातीपर्यंत बधिर. एपिड्युरलमध्ये त्या पिशवीच्या अलीकडे थांबायचं असतं. दिसायला काहीच नाही. सिरिंजमध्ये सलाईन भरून दट्ट्यावर अंगठ्याचा दाब ठेवत जाड सुई मिलिमीटर-मिलिमीटर सरकवायची. मणक्यांमधलं पिवळट, चिवट अस्थिबंधन ओलांडलं की दट्ट्या एकदम हलका होतो. बस, एवढीच खूण. कमरेतल्या एपिड्युरलचं वर्णन स्पेनच्या फिदेल पाहेस या लष्करी सर्जनने १९२१ मध्ये केलं, पुढे इटलीच्या दोग्लिओत्तीने हा दट्ट्याचा प्रकार रूढ केला. आजही बहुतेक ठिकाणी आम्ही अंगठ्याच्या भरवशावरच आहोत.

मग त्या सुईतून केसासारखी बारीक नळी आत सोडायची, तीन ते पाच सेंटिमीटर. कमी सोडली तर निघून येते. जास्त सोडली तर ती कुठे वळेल याचा नेम नाही. मणक्याच्या बाजूच्या फटीतून, जिथून नस बाहेर पडते तिथून, नळीचं टोक निसटलं की औषध एकाच बाजूला जातं आणि बाई म्हणते, ‘उजवा पाय जड झालाय, डावीकडे सगळं कळतंय.’ हे तिच्या मनातून आलेलं नसतं. नळी कुठे गेलीय ते ती आपल्याला सांगत असते. कधी मधला एकच पट्टा मोकळा राहतो, जांघेत वीतभर जागा जळत राहते. कधी कळा थांबतात पण बाळ खाली उतरायला लागलं की शेवटचा दाब आणि दुखणं पूर्ण जाणवतं, कारण पहिल्या टप्प्यातल्या वेदना कमरेच्या वरच्या नसांतून जातात आणि शेवटच्या टप्प्यातल्या माकडहाडाजवळच्या नसांतून, तिथवर औषध पोचलेलं नसतं.

एक बारीक गोष्ट, जी पुस्तकापेक्षा इथल्या मे महिन्याने जास्त शिकवली. सुई टोचताना बाई पाठ वाकवून बसलेली असते. ती सरळ झाली, कुशीवर झोपली की त्वचा सरकते आणि नळी आपली आपण आत-बाहेर होते, अंगाने भरलेल्या बाईत तर जास्तच. म्हणून पट्ट्या तिला सरळ होऊ देऊन मगच लावाव्यात. आणि भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीच्या वर, लाईट गेलेली, पाठ घामाने निथळतेय. तिथे चिकटपट्टी कितीही भारी असो, आधी पाठ कोरडी पुसली नाही तर नळी तासाभरात गादीवर.

मोठ्या पाहण्यांमध्ये बाळंतपणातलं एपिड्युरल अपुरं पडण्याचं प्रमाण शंभरात दहा-बाराच्या आसपास निघतं. यात अर्धवट चाललेलीही आली आणि पुन्हा घालावी लागलेलीही. चांगल्या हातांतलं प्रमाण आहे हे. त्यातली बरीचशी वाचवता येतात: नळी एखादा सेंटिमीटर मागे ओढा, न बधिरलेल्या बाजूवर झोपवा, औषधाचा आणखी एक डोस द्या. अर्ध्या तासात फरक नाही पडला तर सरळ काढा आणि नवीन घाला. रेंगाळण्यात अर्थ नाही, कारण तीच बाई दोन तासांनी सिझरला आली तर त्याच फसलेल्या नळीवर विसंबायची वेळ येते. सिझरसाठी भूल स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढलेली हवी, कळांसाठी बेंबीपर्यंत पुरते. चिरा देण्याआधी बर्फ किंवा स्पिरिटचा बोळा दोन्ही बाजूंना, खालपासून वरपर्यंत फिरवून ‘गार लागतं का?’ विचारायला एक मिनिट लागतं.

आता पोरं. लहान मुलाला हर्निया, अंडकोषाचं किंवा सुंतेचं ऑपरेशन असलं की पूर्ण भूल देऊन झोपवल्यावर माकडहाडाजवळच्या फटीतून एक इंजेक्शन देतात, कॉडल. तेही एपिड्युरलच, फक्त खालच्या दारातून. चार-सहा तास दुखत नाही. हेही कधीकधी लागत नाही. पण इथे पेशंट सांगू शकत नाही. ते नुसतं किंचाळत उठतं.

तीन-चार वर्षांचं पोर भुलीतून उठतं आणि पलंगावर हातपाय आपटतं, आईला ओळखत नाही, सलाईन उपटतं. नातेवाईक म्हणतात बाहेरचं लागलं. सिस्टर म्हणते हट्टी आहे. हे बहुतेक वेळा भूल उतरतानाचं भान हरपणं असतं. सेव्होफ्लुरेन या वासाने देतात त्या भुलीनंतर, दोन ते सहा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात आपोआप निवळतं. कॉडल न लागलेलं पोरही असंच रडतं. ओळखायचं कसं? मी डोळ्यांकडे बघतो. दुखणारं पोर आईकडे बघतं, तिला चिकटतं, पाय पोटाशी घेतं, ऑपरेशनच्या जागी हात नेतं. भान हरपलेलं पोर नजरेला नजर देत नाही, आईने उचललं तरी तिच्यापासून निसटायला बघतं, त्याच्या हालचालींना काही दिशा नसते. सरमिसळही असते, आणि शंका असेल तर मी दुखण्याचं औषध देऊन मोकळा होतो. पोराला ‘गप्प बस’ म्हणण्यापेक्षा ते शहाणपणाचं.

तिसराही प्रकार आहे. कॉडल उत्तम लागलेलं असतं, पोर शुद्धीवर असतं, काही दुखत नसतं, आणि ते भीतीने पांढरंफटक पडून सांगतं, ‘माझे पाय गेले.’ कुणी आधी सांगितलेलंच नसतं की पाय दोन-चार तास जड राहतील.

ऑपरेशननंतर घरी गेल्यावर अंथरूण ओलं करणं, रात्री दचकून उठणं, आईला सोडून न राहणं हे पुष्कळ मुलांत आठवडा-दोन आठवडे दिसतं. ऑपरेशनला नेताना जितकी भीती जास्त, तितकी याची शक्यता जास्त. तरी आपल्याकडे ‘चल, फोटो काढायला जायचंय’ असं सांगून पोराला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आणतात. एवढं एक बंद झालं तरी माझं निम्मं काम हलकं होईल.

बाकी चर्चेत.

---

रावेरची_सून

ती डाव्या बाजूवाली ताई मीच. कोणत्या दवाखान्यात ते सांगत नाही, उगाच कशाला. मला शेवटी वाटायला लागलं होतं की खरंच मीच कमी पडतेय. सासूबाईंनी चार बाळंतपणं घरी काढली, आणि मी इंजेक्शन घेऊनही ओरडतेय. तुमचं ते ‘नळीचं टोक निसटलं’ वाचून इतकं हलकं वाटलं. कुणी तेव्हाच एका वाक्यात सांगितलं असतं तर?

एक विचारते. इंजेक्शन घेतल्यापासून कंबर धरते. त्यानेच ना?

गिरणाकाठचा_भूलवाला

ताई, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. टोचलेल्या जागी आठ-पंधरा दिवस ठणका राहतो, तो सुईचा. महिनोन् महिने राहणारी कंबरदुखी एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायांत सारखीच आढळते, हे तुलना करून पाहिलेलं आहे. नऊ महिने पोट पुढे, नंतर वाकून बाळाला पाजणं, खाली बसून धुणं, रक्त कमी. कंबरेला कारणं पुष्कळ आहेत. पण पाय बधिर होणं, ताकद जाणं, लघवी-शौचाचं भान जाणं, ताप येऊन पाठ ठणकणं यातलं काही असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

डोकेदुखीचं मात्र वेगळं. बसलं की भयंकर, आडवं झालं की थांबते, अशी डोकेदुखी दोन-तीन दिवसांत सुरू झाली तर ती सुईमुळे असू शकते. पिशवीला भोक पडून पाणी झिरपतं. त्यावर पेशंटचंच थोडं रक्त काढून एपिड्युरलच्या जागेत सोडण्याचा उपाय आहे, तो चांगला लागू पडतो.

तापीकाठ

वाचनखूण साठवली. खेड्यात मात्र हे सगळं स्वप्नच. आमच्या तालुक्यात कळांसाठी एपिड्युरल देणारा कोणीच नाही.

गिरणाकाठचा_भूलवाला

खरं आहे. नळी घातली की कुणीतरी भूलतज्ज्ञ बाळंत होईपर्यंत हाकेच्या अंतरावर हवा. मी एका गावातून दुसऱ्या गावात पळणारा माणूस, ती हमी देऊ शकत नाही, म्हणून घालतही नाही. सिझरला स्पायनल देतो, ते पुरतं.

बालरोग_धुळे

डॉक्टरसाहेब, दुसऱ्या निम्म्याबद्दल मी भर घालतो, कारण मनातून येणारी दुखणी माझ्या ओपीडीत रोज असतात आणि त्यातली सगळ्यात बिकट रात्री तुम्हा लोकांना उठवतात.

‘बेशुद्ध’ मुलगी आणली जाते. वय तेरा-चौदा. दातखीळ, डोळे घट्ट मिटलेले. बाहेर कांदा आणि जोडा हुंगवून झालेला असतो. खऱ्या आकडीत डोळे बहुधा उघडे असतात, झटका दोन-तीन मिनिटांत संपतो आणि नंतर पोर गुंगीत जातं. इथे डोळे उघडायला गेलं की पापणी आणखी आवळली जाते, मान डावी-उजवीकडे हलते, झटका लांबतो, आणि संपल्यावर लगेच पाणी मागते. पण हे लक्षात ठेवा, ज्यांना खरी फिट येते त्यांच्यातल्याही काहींना हे दोन्ही प्रकार असतात. एका चिन्हावर निकाल लावू नये.

पाय ‘गेलेला’ मुलगा. त्याला आडवं करून लुळ्या पायाच्या टाचेखाली माझा हात. ‘हा पाय खाली दाब’ म्हटलं तर जोर शून्य. मग चांगला पाय वर उचलायला सांगतो आणि वरून अडवतो. तोच लुळा पाय नकळत खाली दाबला जातो. या चाचणीला हूवरचं नाव आहे. पूर्वी डॉक्टर हिचा वापर ‘पकडण्या’साठी करायचे. मी ती मुलाला आणि आईला दाखवतो: बघ, तुझ्या पायातली तार शाबूत आहे, ताकद आहे, मेंदूकडून निरोप अडतोय एवढंच, आणि तो परत सुरू करता येतो. इथे निम्मा उपचार झालेला असतो.

आणि तो भोंग्यासारखा खोकला. दिवसभर वर्ग हलवून सोडतो आणि झोप लागली की पूर्ण बंद. महिनाभर दम्याचे पंप ओढून झालेले असतात. कोमट पाण्याचे घोट घेत प्रत्येक उबळ थोडी थोडी पुढे ढकलायला शिकवलं की कित्येक मुलं पहिल्याच बैठकीत सुटतात.

हे निदान ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आले’ यावर करायचं नसतं. होकारार्थी खुणा सापडल्या तरच करायचं.

कडू_कारलं

मोठ्ठे शब्द. आमच्या वेळी पोट दुखतंय म्हटलं की दोन रट्टे आणि शाळेत रवानगी. आपोआप थांबायचं. हे सगळं लाडाने होतं.

बालरोग_धुळे

दादा, दुखणं थांबत नव्हतं, सांगणं थांबायचं. शाळेत पाठवावं हे तुमचं मात्र बरोबर आहे. बेंबीभोवती दुखणाऱ्या, बाकी खाणं-वजन ठीक असलेल्या मुलाला घरी ठेवलं की दुखणं मुरतं. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बेंबीपासून लांब एका बाजूला दुखणं, हिरवी उलटी, ताप, शौचातून रक्त, वजन घटणं यातलं एक जरी असेल तर ते मनाचं म्हणायचं नाही.

अमळनेरकरीण

माझी आजी अहिराणीत डॉक्टरला ठणकावून सांगायची, ‘मना पोऱ्यानं पोट दुखस, तुमना कागद काय म्हनतस ते माले नको सांगा.’ आज तिची फार आठवण आली.

आश्रमशाळेतला_मास्तर

सातपुड्याच्या पायथ्याशी नोकरी. दोन अनुभव सांगतो.

एक. प्रार्थनेच्या वेळी एक मुलगी चक्कर येऊन पडली, पाठोपाठ दुसरी, मग पाच-सहा. कोणी भगताला बोलवायला निघालं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आधी सगळ्यांची नाडी, बीपी, साखर पाहिली, कोणी काय खाल्लं ते विचारलं, हातपायाची नखं पाहिली. मग मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत, पंख्याखाली, गर्दी हटवून झोपवलं. तासाभरात सगळ्या बऱ्या. पण त्यातल्या दोघींचं हिमोग्लोबिन खरंच फार कमी निघालं, त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. म्हणजे लाट मनाची, पण त्या लाटेखाली शरीराचंही काहीतरी होतं.

दोन. एक मुलगा सारखा हातपाय दुखतात म्हणून खेळाच्या तासाला बसून राहायचा. ताप नाही, सूज नाही. आम्ही सगळे त्याला आळशी म्हणायचो. शेवटी सिकलसेल निघाला, लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार.

गिरणाकाठचा_भूलवाला

मास्तर, नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा मुलांचं ऑपरेशन असेल तर मी सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय पुढे जात नाही. झटपट होणारी विरघळण्याची चाचणी सुरुवातीला पुरते, मग पक्की इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणाऱ्या तपासणीने. अशा मुलाला ओटीत थंडी वाजू द्यायची नाही, तहानलेलं ठेवायचं नाही, ऑक्सिजन घसरू द्यायचा नाही. यातलं काहीही झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. ते दुखणं माणसाला लोळवतं, आणि साध्या एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही.

शिरपूरकर

एक भर, आणि ही कृपा करून सगळ्यांनी वाचा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतं म्हणून उठतं. उलटी होते. सकाळी पापण्या उचलत नाहीत, बोलणं बोबडं, गिळता येत नाही. चावल्याची खूण नाही, सूज नाही. घरचे म्हणतात नाटक किंवा बाहेरचं. हा मण्यार सापाचा दंश असतो. आमच्या शेजारच्या वाडीत एक पोर याच गोंधळात चार तास घरी राहिलं.

गिरणाकाठचा_भूलवाला

शिरपूरकर, हे धाग्यातच यायला हवं होतं. वर बालरोगवाल्या सरांनी घट्ट मिटलेल्या पापणीचं सांगितलं, त्याच्या शेजारी हे ठेवा. मनातून आलेल्या बेशुद्धीत पापणी आवळलेली असते, उघडायला गेलं तर विरोध करते. मण्यारीत ती सैल लोंबते, पोराला उघडायची असते पण उघडत नाही. ते आतून पूर्ण शुद्धीवर असतं, सगळं ऐकत असतं. बाहुल्याही विस्फारून स्थिर होऊ शकतात, त्यामुळे नवखा माणूस ‘संपलं’ म्हणून मोकळा होतो. विषावरचं औषध लवकर द्यायचंच, पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की औषधाने झटकन सुटत नाही. तोवर श्वास आपण द्यायचा. श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर काही दिवस काढले की पोर चालत घरी जातं. एका श्वासात आकडे मोजायला लावा. मघा वीसपर्यंत जाणारं पोर आता आठवरच थांबतंय म्हणजे श्वासाचे स्नायू चालले. १०८ लावा आणि वाटेत भगताकडे थांबू नका.

भरीत_बॉय

एवढा गंभीर धागा आणि मी डबा उघडून वांग्याचं भरीत खात वाचतोय. लाज वाटली. पण छान चाललंय.

चोपड्याची_आई

पुढच्या सोमवारी माझ्या सहा वर्षांच्या मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. वरचं वाचून घाबरले. काय सांगू? आणि उपाशी किती ठेवायचं? माझी आई म्हणते केळं चालतं, हलकं असतं.

गिरणाकाठचा_भूलवाला

केळं अजिबात नाही ताई! केळीच्या मुलखात हे सांगणं जड जातं, पण भुलीच्या हिशेबात केळं म्हणजे जेवणच. जेवण, दूध, बिस्किट, फळ सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि ते आवर्जून द्या, तहानेने कासावीस झालेलं पोर जास्त घाबरतं. तुमच्या भूलतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या, त्यांची वेळ पाळा. सर्दी-ताप आला, छातीत घरघर वाटली, एखादा दात हलत असेल तर आधी कळवा. दात हलणं सहाव्या वर्षी हमखास असतं.

तिला एक-दोन दिवस आधी सांगा. घसा सारखा दुखतो ना, तो बरा करायला जायचंय. डॉक्टर एक मास्क देतील, त्याचा वास थोडा विचित्र असेल, मग झोप लागेल. झोपेत काही कळणार नाही. उठशील तेव्हा घसा दुखेल, त्यावर औषध मिळेल, आणि मी तिथे असेन. ‘दुखणारच नाही’ असं सांगू नका, उठल्यावर पहिल्याच मिनिटाला ते खोटं ठरतं. तिची आवडती बाहुली सोबत द्या. शेवटचं वाक्य पाळता यावं म्हणून सिस्टरना आधीच विचारून ठेवा की उठताना आईला आत घेतात का. काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी भांडावं लागतं.

चोपड्याची_आई

सांगितलं आत्ता. तिने फक्त एकच विचारलं: मास्क गुलाबी मिळेल का?

गिरणाकाठचा_भूलवाला

गुलाबी बहुधा नसतो, पारदर्शक असतो. स्टिकर लावून द्या, बाहेरच्या बाजूला.